इंजिन एनॅमल स्प्रे, ॲल्युमिनियम शेड: बाबांच्या बुलेटवर चौदा महिने

पेट्रोलचा कॉक गळत होता आणि मला ते माहीत नव्हतं. रात्रभर थेंब थेंब पेट्रोल पाइपवरून घरंगळत सिलिंडरच्या मागच्या फिन्सवर, म्हणजे हवेने थंड होण्यासाठी असलेल्या पात्यांवर, पडत राहिलं. सकाळी कव्हर काढलं तर तीन आठवड्यांपूर्वी मारलेला रुपेरी रंग ओघळून क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, आलेला. बोट फिरवलं, बोट रुपेरी झालं. रंगाखालचं बीड (ओतीव लोखंड) उघडं पडलं होतं. ज्या डब्यातून तो रंग मारला त्यावर ठळक अक्षरांत ‘६०० अंश सेल्सिअस’ असं छापलेलं होतं आणि मी तोच आकडा बघून तो डबा उचलला होता.

हे परीक्षण त्या डब्याचं नाही. त्यानंतर मी इंजिन एनॅमल नावाच्या जातीचा स्प्रे आणला, तो नीट वापरायला शिकले आणि चौदा महिने त्यावर गाडी चालवली. परीक्षण त्याचं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीचे डबे एकाहून जास्त कंपन्यांचे मिळतात आणि घेताना नावापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं जास्त महत्त्वाची आहेत. ती काय असावीत ते पुढे सांगते. सिलिंडर ज्या गाळ्यात ब्लास्ट (कणांच्या फवाऱ्याने साफ) करून घेतला त्याबद्दलही लिहिणार आहे, कारण रंगाचं निम्मं श्रेय त्या कामाला जातं.

गाडी बाबांची. बुलेट ३५०, १९८७ची, जुनं बिडाच्या सिलिंडरचं इंजिन: ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर (आतल्या भोकाचा व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), उजव्या पायाशी गिअर आणि डाव्या पायाशी ब्रेक. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, तीस वर्षं याच गाडीवरून कामाला गेले. आता ते ७६ वर्षांचे आहेत. किक मारत नाहीत, पण गाडी सुरू झाली की आतल्या खोलीतून टॅपेट वाजतोय का ते सांगतात. आम्ही ठाण्यातच चेंदणीत राहतो, मीठबंदराच्या बाजूला. खाडीचा वारा घरातल्या बिजागऱ्यांना सोडत नाही, तो इंजिनाला कशाला सोडेल? बिडाच्या सिलिंडरवर गंजाचे पापुद्रे, त्यावर कुणीतरी कधीतरी ब्रशने मारलेला रुपेरी रंग, त्यावर तेल आणि धूळ मिळून झालेला काळा थर. ॲल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, पांढरी भुकटी. गाडी धूर सोडायला लागली होती, म्हणजे बोअरिंगसाठी (सिलिंडरचं झिजलेलं भोक कातून घेण्यासाठी) हेड आणि सिलिंडर उतरवावे लागणारच होते. उतरवलेच आहेत तर रंगही करू, असं ठरलं.

आधी त्या ६०० अंशांचा विषय संपवते, कारण माझ्यासारखे पैसे तिथे अनेकांचे जातात. ६०० अंशांचे रंग सायलेन्सरसाठी असतात. त्यांच्यातलं सिलिकोन रेझिन पक्कं व्हायला साधारण २०० अंशांच्या पुढे तापावं लागतं, तेही टप्प्याटप्प्याने. सायलेन्सरचा बेंड तेवढा तापतो, त्यामुळे तिथे तो रंग गाडी चालवता चालवता आपोआप भाजला जातो. इंजिनाचं तसं नाही. हे काम झाल्यावर मी मल्टिमीटरची तापमान मोजणारी थर्मोकपल वायर फिन्समध्ये खोचून मे महिन्यात कसारा घाट चढले. एक्झॉस्टजवळच्या वरच्या फिनवर १७० च्या आसपास आकडा गेला, सिलिंडरच्या बुडाशी तो खूपच कमी होता आणि क्रँककेस तर ९० च्या खालीच राहिली. म्हणजे तो रंग माझ्या इंजिनावर कधीच पक्का होणार नव्हता. वरून सुकल्यासारखा दिसणार, आणि पेट्रोल लागलं की उतरणार. इंजिनाच्या रंगाला ६०० अंश सोसायची गरजच नाही. त्याने २५० ते ३०० अंश सोसावेत, पेट्रोल आणि तेल लागलं तर मऊ पडू नये, आणि घरी गाठता येईल अशा तापमानाला तो पक्का व्हावा. मी आणलेल्या इंजिन एनॅमलच्या डब्यावर २८८ अंशांची मर्यादा आणि ९३ अंशांवर २० मिनिटं भाजण्याची सूचना होती. ९३ हा विचित्र आकडा फॅरेनहाइटमधल्या २०० वरून आला आहे. मला रंगाचा डबा १,२५० रुपयांना आणि त्याच जातीचा राखाडी प्रायमर जवळपास तेवढ्यालाच पडला. सायलेन्सरचा डबा ३५० चा होता. फरक मोठा आहे, पण ते ३५० पूर्ण वाया गेले.

आता सफाई. माझ्या हिशेबाने या कामाचे एकूण सत्तर तास लागले असतील तर रंग मारण्याचे तीन. बाकी सगळी सफाई, आणि जी काही चूक झाली ती सफाईतच झाली.

रॉकेल आणि पितळी ब्रशने वरचा चिखल निघतो. त्यानंतर गरम पाण्यात भांड्यांचा साबण. फिन्सच्या तळाशी पोहोचायला मी जुना टूथब्रश कापून काठीला बांधला होता. एक गोष्ट हात जोडून सांगते, ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला कॉस्टिक सोडा लावू नका. काही गॅरेजमध्ये बिडाचे भाग कॉस्टिकच्या पाण्यात उकळतात, त्याच पातेल्यात कुणी हेडही टाकतं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि बाहेर येतो तो काळवंडलेला, खड्डे पडलेला भाग. सिंक मोकळं करायच्या पावडरीतही तोच सोडा असतो.

गंज आणि जुना रंग हाताने काढण्याचा मी दोन रविवार प्रयत्न केला. बुलेटच्या सिलिंडरचा स्ट्रोक लांब, म्हणून सिलिंडर उंच आणि फिन्स खोल. तळाशी एमरी पेपर जातच नाही. शेवटी ब्लास्टिंगचा निर्णय घेतला.

बाबा म्हणाले, “वागळेत जा. माझ्या वेळी प्रत्येक गल्लीत एक ब्लास्टिंगवाला होता.” एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये वागळे इस्टेटपासून झाली, आणि बाबांच्या डोक्यात आजही तीच वागळे इस्टेट आहे. आता तिथे काचेच्या इमारती जास्त आहेत. छोटी जॉबवर्कची कामं करणारे गाळे शोधावे लागतात. पहिल्या गाळ्यात गेले तर उघड्यावर रेतीचा फवारा चालू होता आणि काम करणाऱ्या दोन पोरांच्या तोंडाला फक्त रुमाल बांधलेला. ती धूळ म्हणजे सिलिका. फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मी तिथे सिलिंडर दिला नाही. पैसे कमी सांगत होते. तुम्हीही कुठे देणार असाल तर आधी एवढं विचारा, “माध्यम काय वापरता आणि कॅबिनेट आहे का?” रेती हे उत्तर आलं तर पुढे चला. तुमच्या सिलिंडरसाठी कुणाचे श्वास जायला नकोत.

दुसरा गाळा चांगला निघाला. बंद कॅबिनेट, धूळ ओढणारा पंखा, बिडासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमसाठी काचेचे मणी असे दोन वेगळे डबे. मालक काकांनी गाळ्याचं नाव कुठे लिहू नकोस असं सांगितलं. एकटा माणूस, आधीच कामाची रांग. त्यांनी सिलिंडर हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “बोअर झालाय का व्हायचाय?” व्हायचाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “मग बरोबर क्रमाने आलीस. लोक बोअर करून आणतात आणि मग मला त्या चकचकीत बोअरची राखण करावी लागते.”

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी ब्लास्टिंग, मग बोअरिंग, मग धुणं, मग रंग, मग भाजणं. ब्लास्टिंगचे कण बोअरमध्ये राहिले तरी बोअरिंगमध्ये ते थर निघून जातात. उलट केलंत तर नव्या पिस्टनखाली काचपेपर घालून गाडी चालवल्यासारखं होईल. काकांनी तरीही सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना लाकडी चकत्या लावून मधून बोल्ट आवळला आणि आट्यांच्या भोकांमध्ये रबरी बुचं ठोकली. हेडचे व्हॉल्व्ह मी आधीच काढून नेले होते. त्यांनी व्हॉल्व्हचे गाईडसुद्धा बंद केले. सिलिंडर आणि हेड मिळून १,४०० रुपये घेतले, चार दिवस लागले. काम इतकं स्वच्छ होतं की सिलिंडरच्या बुडाशी साच्यातून आलेला आकडा बाबांनी पहिल्यांदा वाचला.

जोडलेल्या इंजिनाची क्रँककेस मात्र कधीही ब्लास्ट करायला देऊ नका, कितीही टेप लावली तरी. बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली आहे. एक मणी आत गेला तर तो तेलाबरोबर सगळीकडे फिरेल. माझी क्रँककेस फ्रेममध्येच होती. वरचं तोंड कापडाने आणि टेपने बंद करून मी ती रॉकेल आणि ब्रशने हातानेच साफ केली, रंग लावला नाही.

बोअर करून सिलिंडर घरी आणला तो नोव्हेंबरातला दिवस होता. गरम साबणाच्या पाण्याने धुतला, पंख्याखाली ठेवला आणि चहा करायला गेले. परत येते तर उघड्या बिडावर नारिंगी झाक. वीस मिनिटांत! मीठबंदरच्या हवेत ब्लास्ट केलेलं बीड हिवाळ्यातही अर्धा तास उघडं ठेवता येत नाही, पावसाळ्यात तर विचारच नको. तेव्हापासून धुतल्याबरोबर थिनरचा हात आणि लगेच ओव्हन, असा नियम केला.

ओव्हन म्हणजे ४० लिटरचा जुना ओटीजी. ओळखीतून मिळाला, गच्चीवर ठेवला आहे, आणि त्यात आता अन्न कधीच शिजणार नाही. रंगाची वाफ एकदा आत बसली की तो ओव्हन फक्त वर्कशॉपचा. रंग लावायच्या आधीही त्याचा मोठा उपयोग झाला. बिडामध्ये बारीक छिद्रं असतात आणि पस्तीस वर्षांचं तेल त्यात मुरलेलं असतं. धुतलेला, अगदी कोरडा दिसणारा सिलिंडर मी १२० अंशांवर अर्धा तास ठेवला, तर फिन्सच्या मुळाशी तेलाचा घाम फुटला. पुसला, थिनर मारला, परत तापवला. तीनदा केलं तेव्हा घाम थांबला. हे केलं नसतं तर पहिल्या घाटात हेच तेल रंगाखाली येऊन फोड धरले असते.

रंगाचा दिवस जानेवारीतला निवडला. जुलैच्या दमट हवेत स्प्रे मारला की रंगावर पांढरट धुकं धरतं. दहा वाजता ऊन आलं, वारा पडलेला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे स्वतःहून आत घेतले. मास्क साधा नाही, सेंद्रिय वाफेचा काडतूसवाला मास्क घ्या. कापडी मास्कने रंगाचे कण थोडेफार अडतील, वाफ अजिबात अडत नाही.

बाबांनी इथे एक गोष्ट सुचवली आणि तिने सगळं काम सोपं केलं. सुतारांकडून बोअरच्या मापाच्या दोन लाकडी चकत्या करून घेतल्या, मधून आटेवाला रॉड घातला, दोन्ही बाजूंनी नट. सिलिंडरला हँडल मिळालं. तो दोन स्टुलांच्या मध्ये आडवा टांगला आणि बाबा एका हाताने रॉड फिरवत बसले. स्प्रेचा डबा फार तिरपा झाला की फवारा तुटतो, म्हणून डबा सरळ आणि सिलिंडर फिरता, हीच पद्धत बरोबर. गॅस्केटच्या तोंडांवर टेप लावून कडेने छोट्या हातोडीने हलके ठोके दिले की टेप अगदी धारेवर कापली जाते, कात्री लागत नाही. हीसुद्धा त्यांचीच युक्ती.

डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला, आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवला. अंतर एक वीत. पहिला हात फिन्सच्या खाचांमध्ये, चारही कोपऱ्यांतून तिरपा, अगदी विरळ. पृष्ठभागाकडे त्या वेळी बघायचंच नाही. दहा मिनिटांनी दुसरा विरळ हात, त्यानंतर दहा मिनिटांनी थोडा ओला. फवारा छान बारीक आहे. थेंब टाकत नाही, आणि विरळ हातातही रुपेरी कण एकसारखे बसतात. स्वस्त डब्यात ते ढगाढगांनी बसले होते.

आणि मग मी चूक केली. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात बघितलं तर पुशरॉडच्या बाजूला एका खाचेत राखाडी प्रायमर दिसत होता. अजून एक हात मारला. दोन मिनिटांत तिथला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. डब्यावर स्वच्छ लिहिलं होतं, पुढचा हात एका तासाच्या आत, नाहीतर ७ दिवसांनंतर. मधल्या काळात खालचा थर अर्धवट सुकलेला असतो, नव्या रंगातलं द्रावण त्याच्याखाली शिरतं आणि त्याला फुगवून उचलतं. ती सूचना मी वाचली होती आणि एवढीशी जागा आहे म्हणून सोडून दिली होती. सिलिंडरवरचा सगळा रंग थिनरने उतरवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा सुरुवात केली. डब्याचा दोष शून्य.

दुसऱ्यांदा वेगळाच त्रास निघाला. नव्या बोअरला गंज येऊ नये म्हणून आत इंजिन ऑइल लावून ठेवलं होतं. ते रात्रीतून टेपखालून सरकत खालच्या कडेवर आलं आणि तिथे रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडली. तेवढी कड लगेच पुसून परत केली. आता सांगते, बोअरला तेल नको, ग्रीसचा पातळ हात पुरे, तो जागचा हलत नाही.

भाजण्याबद्दल थोडं नेमकेपणाने लिहिते, कारण ‘९३ अंश, २० मिनिटं’ हे वाचून लोक ओव्हनचा काटा ९३ वर ठेवून वीस मिनिटांनी सिलिंडर बाहेर काढतात. ती वीस मिनिटं धातूची आहेत, हवेची नाहीत. एवढं जड बीड तापायलाच वेळ लागतो. माझ्या ओव्हनमध्ये थर्मोकपलवर धातू ९३ ला पोहोचायला पाऊण तास लागला, आणि ओव्हनचा स्वतःचा काटा १५ अंशांनी खोटं बोलत होता. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक रुपेरी पृष्ठभागावर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, तिच्यावर विसंबू नका. टेप आणि लाकडी चकत्या भाजण्यापूर्वी काढा, टेपचा गोंद भाजला की निघता निघत नाही. जाळी वजनाने वाकते, खाली फरशीचा तुकडा ठेवा. बाहेर काढल्यावर तसाच थंड होऊ द्या.

जोडताना मेकॅनिकदादांनी एक बरोबर गोष्ट केली. सिलिंडर-हेडच्या नटांचे वॉशर जिथे बसतात तिथला उडालेला रंग त्यांनी पात्याने खरवडून काढला. “ताई, रंग दबतो आणि नट सैल पडतो. मग तुम्ही म्हणाल दादांनी नीट आवळलं नाही.” अर्थिंगची वायर जिथे धातूला लागते ती जागाही अशीच उघडी हवी.

आता चौदा महिन्यांचं. अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर. रोजचं घोडबंदर रोडवरचं उभं राहून तापणं, दोनदा कसारा, आणि जुलैत मुरबाडवरून माळशेज, भर पावसात. तापलेल्या फिन्सवर थंड पाणी पडून वाफ निघत होती, मला तीच परीक्षा वाटत होती. रंगाला तडा नाही, फोड नाही. कॉक नंतर बदलला, पण मी मुद्दाम पेट्रोलचा बोळा मागच्या फिनवर पाच मिनिटं दाबून ठेवला. बोळा पांढराच राहिला. त्या क्षणी झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही, बाबांना गच्चीवरून हाक मारून तो बोळा दाखवला होता.

तक्रारीही आहेत. एक्झॉस्टच्या अगदी भोवती, जिथे बेंड हेडमध्ये शिरतो त्याच्या खालच्या दोन फिन्सवर शेड किंचित पिवळसर झाली आहे. लांबून दिसत नाही, मला दिसते. शेड डब्याच्या झाकणापेक्षा एक पायरी उजळ आहे. बाबांच्या आठवणीतला रुपेरी रंग जरा मंद होता, पहिले काही दिवस त्यांना हा नवा रंग डोळ्यांत खुपत होता. धूळ आणि चेनचं तेल बसल्यावर तो आपोआप बरोबर दिसायला लागला. तेलाचा डाग मात्र या शेडवर लगेच उठून दिसतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून थोडं जरी झिरपलं तरी कळतं. मला ते सोयीचं वाटतं, कुणाला त्रासाचं वाटेल, त्यांनी काळा घ्यावा. फिनच्या धारेवर दगड लागून एका जागी टवका गेला, तिथे लगेच गंज आला. दुरुस्तीचा हात ब्रशने लावता येतो, पण रुपेरी रंगात तो ठिगळासारखा दिसतो. आणि थोडा रंग उरलेला डबा सहा महिन्यांनी तोंडाशी बंद पडला. वापरून झाल्यावर डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबायला हवा होता. दुसऱ्या डब्याच्या वेळी तसं केलं, तो चालू आहे.

पावडर कोटिंग का नाही, असं कार्यालयातल्या एकाने विचारलं. ते दणकट असतं यात वाद नाही. पण ते १८० ते २०० अंशांवर भाजतात, थर जाड बसतो, आणि खोल खाचांमध्ये विजेच्या भारामुळे पावडर आत शिरत नाही. बुलेटचे फिन्स म्हणजे सगळ्या खाचाच. साइड स्टँड, बॅटरीची पेटी यांना खुशाल करा. सिलिंडरवर रंगाचा थर पातळच हवा, जाड थर म्हणजे त्याला गोधडी पांघरल्यासारखं.

हेडला मी रंग लावला नाही, काचेच्या मण्यांनी आलेला तो दव पडल्यासारखा मंद पांढरा पोत मला फार आवडला होता. तो आमच्या हवेत टिकला नाही. पहिल्या पावसातच डाग पडले, बोटांचे ठसेसुद्धा उमटून राहिले. कोरड्या ब्लास्टिंगने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि सगळं धरून ठेवतो. पाण्याबरोबर केलेलं व्हेपर ब्लास्टिंग जास्त गुळगुळीत असतं, पुढच्या वेळी तेच करणार. खाडीजवळ राहत असाल तर कोरडं ब्लास्ट केलेलं ॲल्युमिनियम उघडं ठेवू नका. टायमिंग कव्हर आणि चेनकव्हर मात्र हाताने २२० नंबरपासून १,२०० नंबरपर्यंत पाण्यात पेपर मारून बफ केले आहेत. महिन्यातून एकदा पॉलिशचा हात दिला की चमकतात. वर लॅकर मारू नका, तो पिवळा पडतो आणि काढताना सगळं काम पुन्हा.

कुणी घ्यावा? ज्याचा सिलिंडर किंवा हेड कुठल्याही कारणाने उतरलंय, ज्याच्याकडे वाया घालवता येईल असा ओव्हन आहे, आणि जो डब्यावरची अक्षरं तंतोतंत पाळेल, त्याने जरूर घ्यावा. पाचपैकी साडेचार देते. इंजिन फ्रेममध्ये ठेवून, वरून धुऊन रंग मारायचा विचार असेल तर १,२५० रुपये वाचवा. फिन्सच्या मागच्या बाजूला हात पोहोचणार नाही, तेल निघणार नाही, भाजता येणार नाही, आणि मग सगळं खापर डब्यावर फुटेल. एका डब्यात सिलिंडरचे तीन हात होतात आणि थोडा उरतो. माझ्यासारखं दोनदा करावं लागलं तर दुसरा डबा लागतो.

गिअरबॉक्सचं बाहेरचं कव्हर अजून बाकी आहे. त्यावरचे जुने ओरखडे बाबांच्या बुटाचे आहेत, गिअर टाकताना पडलेले. मी पेपर घेऊन बसले होते, त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. मी ते तसंच धुऊन परत लावलं.